घरचा छोटा इलेक्ट्रिक कॉफी ग्राइंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावडरचं पाकीट सोडून कॉफीच्या बिया आणायला लागलं की आठवड्याभरात ग्राइंडरचा प्रश्न समोर येतोच. मग एकाच दमात दहा शंका येतात: कुठला घ्यावा, किती बारीक दळावं, मधूनच जळका वास का येतो. गेली काही वर्षं मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. दोन ग्राइंडर मी स्वतःच्या हाताने बिघडवले आहेत, त्यामुळे काही उत्तरं अनुभवाची आहेत.

दळलेली पावडर मिळत असताना ग्राइंडर घ्यायचाच कशाला?

दळताना स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो. तो छान वाटतो, पण खरं तर तो कपात यायला हवा होता. भाजलेल्या बीमध्ये सुगंधी द्रव्यं आणि कार्बन डायऑक्साइड कोंडलेले असतात. बी अख्खी आहे तोवर ते हळूहळू बाहेर पडतात. बी फोडून तिचे हजारो कण केले की हवा लागणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि काही मिनिटांतच वास उतरायला लागतो. नीट बंद ठेवलेल्या बिया भाजल्यानंतर काही आठवडे चांगल्या राहतात, पावडर त्यामानाने लवकर मावळते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाकिटातली पावडर एकाच मापाची असते. तुमचं भांडं वेगळं असेल तर तुम्ही कॉफीचं प्रमाण बदलू शकता, पाणी बदलू शकता, पण कणाचा आकार काही तुमच्या हातात राहत नाही. चवीची मुख्य कळ तिथेच असते.

आता प्रामाणिक गोष्ट. भरपूर दूध आणि दोन चमचे साखर घालून कॉफी पीत असाल तर फरक जाणवेल, पण पैसे वसूल झाल्यासारखा जाणवेलच असं नाही.

पात्याचा ग्राइंडर आणि बर ग्राइंडर यांत नेमका फरक काय?

मिक्सर आणि जातं यांत जो फरक, तोच. पात्याच्या ग्राइंडरमध्ये एक पातं गरगर फिरतं आणि समोर येईल त्यावर घाव घालतं. एखाद्या बीवर पन्नास घाव बसतात, एखादी कडेला उडून तीनच घावांवर सुटते. आकार ठरतो तो फक्त किती वेळ बटण दाबलं त्यावर.

बर म्हणजे दोन दातेरी चकत्या. एक स्थिर असते, दुसरी फिरते, आणि बी त्यांच्यामधून भरडत खाली जाते. जात्याच्या दोन तळ्यांसारखंच. दोन चकत्यांमधल्या फटीत मावेल इतका बारीक झाल्याशिवाय कण सुटत नाही. फट कमी केली की पूड बारीक, वाढवली की जाडसर. त्यामुळे आजचं दळण उद्या पुन्हा तसंच काढता येतं, आणि खरी किंमत या ‘पुन्हा तसंच’ला आहे.

एकसारखेपणाचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. सगळाच विरघळला तर कॉफी कडू आणि घसा कोरडा करणारी होते. १८ ते २२ टक्क्यांच्या आसपास थांबलेली कॉफी बहुतेकांना आवडते. पिठासारखा कण त्या टप्प्याच्या पुढे झटकन जातो, मोठा तुकडा मागेच रेंगाळतो. दोन्ही एकाच कपात आले की कॉफी एकाच वेळी कडवट आणि आंबट लागते. ‘बिया महाग आणल्या तरी काहीतरी बिनसतंय’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं.

मग पात्याचा घेऊच नये का?

असं मी म्हणणार नाही. फ्रेंच प्रेस (दांड्याच्या जाळीने पूड खाली दाबायचं भांडं), कोल्ड ब्रू (थंड पाण्यात बराच वेळ भिजवून केलेली कॉफी) किंवा पातेल्यात उकळून गाळायची कॉफी असेल तर पात्याचा ग्राइंडर चालतो. या पद्धतींत कॉफी पाण्यात बुडून राहते, त्यामुळे कण थोडे लहानमोठे असले तरी खपून जातं. मोका पॉटला, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणाऱ्या भांड्याला, चालवून घेता येतो. कागदी फिल्टरवरून पाणी ओतायची पद्धत असेल तर बारीक पीठ फिल्टरची छिद्रं बुजवतं आणि पाणी वर तुंबून राहतं, मग चिडचिड सुरू होते.

एस्प्रेसोसाठी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे पाणी दाबाने येतं आणि जिथे वाट मोकळी दिसेल तिथून निसटतं. पात्याच्या पुडीत अशा वाटा असतातच.

पात्याच्या ग्राइंडरमधून त्यातल्या त्यात एकसारखी पूड कशी काढायची?

एकावेळी १५ ते २० ग्रॅम बिया घ्या, भांडं गच्च भरू नका. बटण सलग दाबून धरू नका. दोन-तीन सेकंद दाबा, सोडा, ग्राइंडर उचलून तिरका करून हलवा, पुन्हा दाबा. सुरुवातीला खडखडाट येतो, म्हणजे अख्ख्या बिया अजून झाकणावर आदळताहेत. चौथ्या-पाचव्या झटक्याला तो आवाज बसतो आणि वाळू घोळल्यासारखी सळसळ येते. जाडसर दळण हवं असेल तर इथेच कान टवकारा आणि थांबा. आवाज अगदी मऊ झाला की समजायचं, तळाशी पीठ जमायला लागलंय.

मग चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून बोटाने सपाट करा. अर्ध्या बिया दिसल्या तर आणखी दोन झटके. कागदावर बोट फिरवल्यावर तपकिरी डाग राहत असेल तर पीठ जास्त झालं आहे. अशा वेळी चहाच्या बारीक गाळणीतून पूड हलकेच चाळून घेतली की खूपसं पीठ खाली पडतं. ते टाकून देताना जीव हळहळतो, पण फ्रेंच प्रेसच्या तळाशी बसणारा गाळ त्याने खरोखर कमी होतो.

एक सांभाळा. हे छोटे ग्राइंडर सलग चालवण्यासाठी बनलेलेच नसतात. किती सेकंद चालवायचा आणि किती विश्रांती द्यायची ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास. माझा पहिला ग्राइंडर मी पाहुण्यांसाठी लागोपाठ पाच घाणे काढताना जाळला. आधी गरम प्लास्टिकसारखा वास आला, मी ‘नवीन आहे, येणारच’ म्हणून पाचवा घाणा टाकला, आणि तो त्याचा शेवटचा ठरला. चूक ग्राइंडरची नव्हती.

मिक्सरच्या छोट्या भांड्यात दळलं तर?

निभतं. पात्याच्याच ग्राइंडरची ही मोठी आवृत्ती. पण भांडं मोठं असल्याने १५ ग्रॅम बिया पात्याखाली येतच नाहीत, नुसत्या भिंतींवर नाचतात. निदान ४०-५० ग्रॅम घ्या, झटक्या-झटक्याने फिरवा. त्या भांड्यात आदल्या दिवशी लसूण वाटला असेल तर आधी हुंगून बघा.

शंकूच्या आकाराचा बर चांगला की सपाट? स्टील की सिरॅमिक?

घरगुती छोट्या यंत्रांत शंकूचाच बर जास्त आढळतो. तो कमी वेगात काम करतो, कमी जागेत बसतो, आणि दळण खाली सरळ पडत असल्याने आत पूड कमी अडकते. सपाट बरचे चांगले ग्राइंडर चवीत वेगळी स्पष्टता देतात असं अनेक जाणकार सांगतात, पण ते सहसा मोठे आणि महाग असतात. पहिला ग्राइंडर घेताना या वादात पडू नका.

सिरॅमिक गंजत नाही आणि धार पुष्कळ टिकवतो, मात्र बियांमध्ये खडा आला तर त्याचा टवका उडतो. स्टील बिया जास्त सफाईने कापतं आणि खडा आला तरी बहुधा निभावून नेतं. मला विचाराल तर स्टील. पण बर कशाचा आहे यापेक्षा दोन चकत्या आत किती घट्ट आणि समांतर बसवल्या आहेत, हे जास्त महत्त्वाचं. फिरणारा बर बोटाने हलवून बघा (प्लग काढून!). तो इकडेतिकडे डुलत असेल तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, दळण एकसारखं येणार नाही.

जास्त वॅट म्हणजे चांगला ग्राइंडर?

नाही. वॅट म्हणजे मोटर किती वीज घेते, एवढंच. १५० वॅटचा बर ग्राइंडर गिअर लावून वेग उतरवतो आणि शांतपणे दळतो. तेवढ्याच वॅटचा पात्याचा ग्राइंडर भणाणत फिरतो. आकडाच बघायचा असेल तर व्होल्टचा बघा. काही देशांत घरगुती वीज २२० ते २४० व्होल्ट असते, काही ठिकाणी १०० ते १२७. परदेशातून कोणी भेट आणलेला ग्राइंडर प्लगला अडॅप्टर लावून जोडू नका. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

विकत घेताना आणखी काय बघायचं?

बर हत्यारांशिवाय बाहेर निघतो का, हे सगळ्यात आधी. नाही निघाला तर तुम्ही तो साफ करणार नाही, मी लिहून देतो. मग सेटिंगचे टप्पे. चाळीस टप्पे आहेत म्हणून हुरळू नका, तुमच्या पद्धतीला लागणाऱ्या पट्ट्यात किती टप्पे येतात ते विचारा. फ्रेंच प्रेस आणि फिल्टरसाठी १२-१५ टप्पेसुद्धा पुरतात. एस्प्रेसोला मात्र केसभर फरकाने सगळं बदलतं, तिथे टप्प्यांशिवाय हवं तिथे थांबणारी रचना बरी. सुटा बर वेगळा विकत मिळतो का, हेही विचारून ठेवा.

टायमर असला तर छान, नसला तरी काही अडत नाही. त्या पैशांत एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. चवीत फरक पाडण्यात टायमरपेक्षा काट्याचा वाटा मोठा आहे.

कोणत्या पद्धतीला किती बारीक दळायचं?

कोल्ड ब्रू आणि फ्रेंच प्रेससाठी जाड्या मिठाएवढं, म्हणजे कण साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. कागदी फिल्टरसाठी त्याहून बारीक, बोटांत रवाळ लागेल असं. मोका पॉटला बारीक मिठासारखं. एस्प्रेसोला त्याहूनही बारीक, मिलिमीटरच्या पाव ते एकतृतीयांश भागाच्या घरात. चिमटीत दाबल्यावर गोळी धरते, पण पिठीसाखरेसारखी गुळगुळीत लागत नाही.

ही फक्त सुरुवात झाली. पुढचं काम जिभेचं. १५ ग्रॅम कॉफी आणि २४० मिलिलिटर पाणी घ्या, म्हणजे १ ला १६ हे प्रमाण. कॉफी आंबट, पाणचट, घोट गिळल्यावर काहीच मागे न राहणारी लागली तर एक टप्पा बारीक करा. कडू लागून जीभ कोरडी पडली तर एक टप्पा जाड. एकावेळी एकच गोष्ट बदला. दळण, पाणी आणि प्रमाण असं तिन्ही एकदम बदललं की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. एस्प्रेसोत हीच परीक्षा घड्याळ घेतं: १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. १५ सेकंदांत धो-धो आली तर दळण बारीक करा.

बियांचं पाकीट बदललं की हे थोडं पुन्हा करावं लागतं. कमी भाजलेली बी टणक असते, तिला बारीक दळण मानवतं. काळपट भाजलेली ठिसूळ असते आणि चटकन कडू होते, तिला जरा जाड ठेवा.

व्हिडिओत ‘१५ नंबरवर दळा’ असं सांगितलंय. माझ्याही ग्राइंडरवर १५ ठेवू?

नको. ते नंबर त्या एका यंत्रापुरते. एकाच मॉडेलच्या दोन ग्राइंडरमध्येसुद्धा १५ वर फट वेगळी निघते.

सेटिंग बदलताना मोटर चालू ठेवायची की बंद?

बर ग्राइंडर बारीककडे नेताना मोटर चालू ठेवा किंवा आधी आतल्या बिया पूर्ण संपवा. बंद अवस्थेत दाबून फिरवलं तर फटीत अडकलेले कण चेपले जातात आणि पुढच्या वेळी मोटर जागच्या जागी गुरगुरते. जाडकडे नेताना हा धोका नसतो. शिवाय सेटिंग बदलल्यावर पहिल्या दोन-तीन ग्रॅममध्ये आधीच्या सेटिंगची पूड मिसळलेली असते. एस्प्रेसो करत असाल तर तेवढी टाकून द्या.

पूड उडते, डब्याला चिकटते, ओट्यावर सांडते. काय करू?

ही स्थिर वीज. बिया बरवर घासल्या आणि फुटल्या की कणांवर विद्युतभार येतो, मग ते एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटतात. उपाय विश्वास बसणार नाही इतका साधा आहे: दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून झटका आणि त्याने वाटीतल्या बिया ढवळा, बस्स. आधी हा हौशी लोकांचा तोडगा होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना सोबत घेऊन तो तपासला. बियांमधली ओल वाढली की विद्युतभार कमी होतो, गुठळ्या कमी होतात आणि एस्प्रेसो जास्त दाट उतरते, असं त्यात दिसलं. ज्वालामुखी आणि ओट्यावरची सांडलवंड यांचं गोत्र एकच निघालं, याची मला अजून गंमत वाटते.

पाणी फक्त तेवढ्या घाण्यापुरत्या बियांवर घाला. ग्राइंडरच्या वर बिया साठवायचा डबा असतो, त्यात पाणी घालू नका. थेंब म्हणजे थेंबच.

ग्राइंडर साफ कसा करायचा? तांदूळ फिरवले तर चालतात?

प्लग काढा, मगच हात घाला. पात्याचं भांडं कोरड्या ब्रशने झाडून किंचित ओल्या फडक्याने पुसा. ते यंत्राचाच भाग असेल तर नळाखाली कधीच धरू नका. बर दर एक-दोन आठवड्यांनी बाहेर काढून ताठ ब्रशने झाडा, वापरून झालेला पण स्वच्छ टूथब्रशही चालतो. बियांचं तेल दातांत साठून खवट होतं आणि ताज्या कॉफीलाही तो वास लागतो. काळपट, तेलकट बिया वापरत असाल तर हे काम जरा लवकर करा. स्टीलचा बर पाण्याने धुऊ नका, गंज धरतो.

तांदळाबद्दल मतं दोन आहेत. पात्याच्या ग्राइंडरमध्ये चमचाभर फिरवले तर तेल आणि वास ओढून घेतात, बिघडत काही नाही. बर ग्राइंडरमध्ये मात्र कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा टणक ठरतो आणि छोट्या मोटरवर ताण येतो. अनेक कंपन्या माहितीपत्रकातच त्याला मनाई करतात. त्यापेक्षा ग्राइंडर साफ करायच्या गोळ्या मिळतात त्या वापरा, किंवा सरळ ब्रश.

त्याच ग्राइंडरमध्ये मसाले दळू का?

बर ग्राइंडरमध्ये अजिबात नाही. पात्याच्या ग्राइंडरमध्ये दळता येतात, पण मग तो मसाल्याचाच झाला असं धरा. माझा दुसरा ग्राइंडर असा गेला. एकदाच लवंगा दळल्या, फक्त एकदा. पुढे महिनाभर प्रत्येक कपात दंतमंजन.

बिया फ्रीजरमध्ये ठेवून थंडगारच दळल्या तर चालतं?

चालतं, फायदाही होतो. थंड बी जास्त ठिसूळ असते. २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात बिया जितक्या थंड, तितकं दळण बारीक आणि एकसारखं आलं होतं. अट एकच. बिया एकेका घाण्याच्या मापाने हवाबंद पुड्यांत ठेवा आणि पुडी काढली की लगेच दळा. मोठं पाकीट रोज उघडून पुन्हा आत ठेवलं तर बियांवर दव धरतं आणि त्या मऊ पडतात.

वरच्या डब्यात बिया भरून ठेवल्या तर?

दिसायला छान. पण डबा बहुधा पारदर्शक असतो आणि झाकण सैल, म्हणजे उजेड आणि हवा लागून बियांचा वास उतरतो. रोज मोजून घाला.

मोटर गुरगुरते पण फिरत नाही. बिघडला का?

बहुतेक वेळा अडकलेला असतो. प्लग काढा, उरलेल्या बिया उलट्या करून काढा, सेटिंग पूर्ण जाडकडे न्या, वरचा बर काढून आत बघा. एखादा खडा किंवा चेपलेल्या पुडीची वडी सापडेल. लाकडी काडीने उकरा, सुरीने नको. काहीच अडकलेलं नसेल आणि यंत्र गरम लागत असेल तर आतला कटआउट, म्हणजे मोटर जास्त तापली की वीज तोडणारा स्विच, पडला असेल. अर्धा तास सोडून द्या, बऱ्याचदा आपोआप सुरू होतो.

बर किती दिवस टिकतो?

रोज ३० ग्रॅम धरले तर वर्षाला सुमारे ११ किलो होतात. चांगल्या स्टीलच्या बरचं आयुष्य शेकडो किलोंत मोजतात, तेव्हा घरी ती चिंता नको. दळायला वेळ लागू लागला, पीठ वाढलं, आणि पूर्वीच्याच चवीसाठी सेटिंग सारखं बारीककडे न्यावं लागलं, तर धार गेली समजा.

त्याच पैशांत हाताने फिरवायचा चांगला मिळतोय. तो घेऊ का?

एक-दोन कपांचं घर असेल तर हो. मोटरचा खर्च वाचतो आणि तो पैसा बरमध्ये लागतो, त्यामुळे त्याच किमतीत दळण बहुधा सरस येतं. १५ ग्रॅमला मिनिटभर, टणक बियांना थोडा जास्त वेळ हात फिरवावा लागतो. सकाळी चार जणांची कॉफी करायची असेल किंवा मनगट दुखत असेल तर इलेक्ट्रिकच घ्या.

पहाटे दळलं की घर जागं होतं. काही उपाय?

खाली चौपदरी फडकं घाला, ओट्याचा घुमणारा आवाज तरी कमी होतो. ग्राइंडर भिंतीला टेकवून ठेवू नका. तेवढ्याने भागत नसेल तर रात्रीच दळा आणि पूड लहानशा, काठोकाठ भरेल अशा घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. थोडा वास उतरतो हे खरं. पण तान्हं बाळ झोपलेल्या घरात मी स्वतः दोन वर्षं हेच केलं आणि सकाळची कॉफी तेव्हाही प्यायलोच.